अहवाल नागपूरहून येईपर्यंत

मार्च २०२०च्या मध्यावर राज्याच्या आरोग्य विभागाच्या रोजच्या पत्रकात पुणे, मुंबई, नागपूर या शहरांच्या रांगेत यवतमाळचे नाव आले. आधी कोरोनाचे दोन रुग्ण, मग तिसरा. ना प्रवासी विमानसेवा, ना मोठी रेल्वे, ना परदेशी पर्यटक अशा या जिल्ह्याचे नाव राज्यातल्या पहिल्या काही बाधित ठिकाणांत यावे याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. कारण मात्र सरळ होते. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले. ते चाळीस जणांच्या सहलीबरोबर दुबईला जाऊन १ मार्चला परतले होते आणि त्याच सहलीत यवतमाळचीही मंडळी होती. म्हणजे विषाणू यवतमाळला पोहोचला तो कुणाच्या बेफिकिरीने नाही, साध्या सुट्टीच्या सहलीने. शिवाय ही मंडळी मुंबईच्या विमानतळावर उतरली तेव्हा तपासणी निवडक देशांहून येणाऱ्या प्रवाशांचीच होत होती आणि त्या देशांत संयुक्त अरब अमिराती नव्हती. परदेशाहून येणाऱ्या सगळ्यांनाच तपासण्याचा निर्णय त्यानंतर तीन-चार दिवसांनी झाला. पुण्यातल्या दोघांना त्रास सुरू झाला, चाचणी झाली, म्हणून सहलीची यादी काढली गेली. यादी काढली म्हणून यवतमाळचे रुग्ण सापडले. पुण्यातल्या त्या दोघांचे दुखणे अंगावर काढण्याइतके सौम्य असते तर यवतमाळचा आकडा आणखी कित्येक दिवस शून्य राहिला असता आणि त्या शून्याला सर्वांनी निरोगीपणा मानले असते.

साथीच्या सुरुवातीचा आकडा हा रोगाचा आकडा नसतो. तपासणीच्या नियमांमधून जेवढा रोग गळून खाली येतो तेवढ्याचा तो आकडा असतो, हे या प्रसंगातून दिसते. म्हणून त्या पंधरवड्यात लोक जे प्रश्न विचारत होते, ते घबराटीचे नव्हते. आमच्या गावात कुणाला तपासणार, कुठे तपासणार, अहवाल किती दिवसांनी येणार, तोवर त्या माणसाने कुठे राहायचे? प्रशासनाने आणि बऱ्याच सुशिक्षितांनीही या प्रश्नांना ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे एकच उत्तर दिले. अफवा होत्याच. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो या अफवेने त्या महिन्यात राज्यातला कुक्कुटपालनाचा धंदा झोपवला. पण अफवा आणि शंका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीविषयीची शंका ही त्या काळातली सर्वांत जाणती शंका होती, असे माझे म्हणणे आहे, आणि यवतमाळचा शंभर वर्षांचा इतिहास त्या शंकेच्या बाजूने साक्ष देतो.

आधी तेव्हाची व्यवस्था पाहू. राज्यात सुरुवातीला या विषाणूची चाचणी होत होती ती पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, मुंबईचे कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे विदर्भातल्या माणसाच्या तोंडी ‘मेयो’, येथे. यवतमाळला १९८९ साली सुरू झालेले, वसंतराव नाईकांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचे मोठे रुग्णालय आहे, विलगीकरण कक्षही लगेच उभा राहिला. पण विषाणू ओळखणारी प्रयोगशाळा नव्हती. घशातला आणि नाकातला स्राव घ्यायचा, नळी बर्फाच्या पेटीत बंद करायची आणि दीडशे किलोमीटरवर नागपूरला पाठवायची; पुण्याला पाठवायची झाली तर अंतर सहाशेच्या घरात. या आरटी-पीसीआर चाचणीची मूळ प्रक्रिया काही तासांची असते. यंत्रात जाणारा वेळ थोडा. खरा वेळ जातो तो रस्त्यात, नोंदीत आणि रांगेत, कारण त्याच टेबलावर सगळ्या विदर्भाचे नमुने येऊन पडत. १३ मार्चच्या रात्री मेयोच्या विलगीकरण कक्षातून पाच संशयित बाहेर निघून गेले आणि पोलिसांना शोधाशोध करावी लागली, ती बातमी आठवत असेल. त्यांतल्या एकाचा अहवाल निगेटिव्ह आलेला होता, चौघांचा यायचा होता. वर्तमानपत्रांनी ‘पळाले’ असे मथळे दिले. निघून जाणे चूकच होते. पण आजारी आहोत की नाही हे माहीत नसलेल्या माणसाला, कदाचित खरोखर आजारी असलेल्यांच्या शेजारी बसवून, उत्तर कधी येईल ते न सांगता ठेवणे, ही व्यवस्था माणसाच्या स्वभावावर किती भार टाकते याचा विचार त्या मथळ्यांत नव्हता.

आता कुणाला तपासायचे त्याचा नियम. १७ मार्चला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे धोरण असे होते: परदेशातून आलेला आणि लक्षणे असलेला, बाधिताच्या संपर्कातला आणि लक्षणे असलेला, किंवा लक्षणे असलेला आरोग्य कर्मचारी. २० मार्चला त्यात श्वसनाच्या गंभीर आजाराने दाखल झालेले सगळे रुग्ण आले आणि बाधिताच्या निकट संपर्कातल्या लक्षणे नसलेल्यांचीही पाचव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान एकदा चाचणी करावी असे ठरले. म्हणजे २० मार्चपर्यंत पांढरकवड्याच्या किंवा उमरखेडच्या रुग्णालयात न्यूमोनियाने दाखल झालेला, कधी परदेशी न गेलेला शेतकरी नियमाने चाचणीस पात्रच नव्हता. समाजात संसर्ग पसरलेला नाही असे रोज सांगितले जात होते. पण ज्याच्या अंगात तो पसरलेला दिसला असता त्याला तपासायचे नाही असा नियम असताना हे विधान करता येत नाही. करता येते ते एवढेच, की पसरल्याचे आम्हाला आढळलेले नाही. या दोन विधानांतला फरक मोठा आहे, आणि सामान्य माणसाला तो नेमका कळला होता, फक्त शास्त्रीय भाषेत मांडता येत नव्हता.

याला पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की किट थोडी होती, प्रशिक्षित हात थोडे होते, म्हणून काटकसर योग्यच होती. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस १६ मार्चला ‘चाचणी करा, चाचणी करा’ असे सांगत होते ते ठीक. पण जिनिव्हात बसून सांगणे सोपे. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस सगळ्या देशात मिळून वीस हजारांहून कमी माणसांची चाचणी झालेली होती, तेव्हा सव्वापाच कोटींच्या दक्षिण कोरियाने तीन लाखांचा टप्पा ओलांडला होता. किट हातात नसताना सरसकट चाचण्या करा म्हणणे हट्टाचे झाले असते. पण टंचाई ही आभाळातून पडत नाही, ती घडते, आणि या टंचाईचा कागदोपत्री इतिहास आहे. २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्याच्या नायडू रुग्णालयापुढे चाचणीसाठी लागलेल्या रांगा महाराष्ट्राने पाहिल्या होत्या. नमुने तपासायला पुणे आणि दिल्ली अशा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या जागा होत्या. त्या अनुभवातूनच देशभर विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांचे जाळे विणण्याची योजना आली आणि २०१३ साली मंजूर झाली: दहा प्रादेशिक, तीस राज्य पातळीवरच्या आणि एकशेवीस वैद्यकीय महाविद्यालयांतल्या. सात वर्षांनी, कोरोना आला तेव्हा, एकशेसाठांपैकी शंभरच्या आसपास उभ्या होत्या. यवतमाळचे महाविद्यालय उरलेल्यांच्या बाजूला राहिले. २०२०च्या मार्चमधल्या अधिकाऱ्याने हाती असलेल्या किटची काटकसर केली यात त्याचा दोष नाही. पण ती टंचाई आधीच्या सात वर्षांनी त्याच्या टेबलावर आणून ठेवली होती.

या संदर्भात दुसरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १३ मार्चला राज्य सरकारने १८९७चा साथरोग कायदा लागू केला. प्लेगच्या काळातला हा कायदा. त्याच वर्षीच्या पुण्यातल्या घरझडत्या आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या यांमुळे मराठी माणसाला तो पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. त्या कायद्यात अडवण्याचे, झडती घेण्याचे, वेगळे ठेवण्याचे अधिकार आहेत. रोग ओळखण्याची सोय जिल्ह्याला द्यावी असे कर्तव्य त्यात नाही. १६ मार्चला घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय झाला. शिक्का एका दिवसात तयार होतो. प्रयोगशाळेला महिने लागतात. तेव्हा तयारी म्हणजे काय, या प्रश्नाला सव्वाशे वर्षांनंतरही आपले उत्तर आधी बंदोबस्ताचे आणि मग निदानाचे असेच राहिले. शिक्का हवा होता की नको हा वेगळा वाद. पण ज्याच्या हातावर तो बसला त्याला आपल्या शरीरात काय आहे हे सांगणारी यंत्रणा त्याच्या जिल्ह्यात नव्हती.

आणखी मागे गेले की १९१८ येते. तेव्हा यवतमाळ मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. त्या वर्षी जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत उतरला, सप्टेंबरात त्याची जीवघेणी दुसरी लाट उठली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती वऱ्हाडात पसरली, नेमकी कापसाच्या वेचणीच्या तोंडावर, पाऊस रुसलेल्या आणि धान्य महागलेल्या वर्षात. मुर्तिजापूरहून यवतमाळला येणारी छोटी रेल्वे, जिला पुढे लोक शकुंतला म्हणू लागले, तोवर सुरू झाली होती. जिनिंगच्या गाठींबरोबर माणसेही तिने ये-जा करीत. मध्य प्रांत व वऱ्हाडात त्या काही महिन्यांत हजारामागे पन्नासहून अधिक माणसे दगावल्याचा हिशेब सरकारी अहवालांत आहे; देशातल्या सर्वाधिक मृत्युदरांपैकी हा एक. पण हा हिशेब कसा झाला ते पाहिले की चाचणीचा प्रश्न किती जुना आहे हे उमगते. मृत्यूची नोंद गावपातळीवर होई आणि कारणाच्या रकान्यांत पटकी, देवी, प्लेग, अतिसार यांखेरीज एक अफाट रकाना होता: ताप. इन्फ्लुएन्झाचे बहुतेक बळी त्या रकान्यात जमा झाले. नेहमीपेक्षा तापाने किती जास्त मेले ते नंतर वजा करून काढायचे, असा तो आकडा. साथीच्या ऐन भरात नोंदी ठेवणारेच आजारी पडल्याने कित्येक ठिकाणी नोंदही कोलमडली. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज म्हणूनच सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत हेलकावतात. १९१८मध्ये विषाणू ओळखण्याची विद्याच नव्हती, त्यामुळे त्या काळच्या माणसांना दोष देता येत नाही. २०२० साली विद्या होती, ती फक्त दीडशे किलोमीटरवर होती.

इथे कुणी म्हणेल, की निदान लवकर झाले असते तरी काय फरक पडला असता? औषध नव्हतेच. हा आक्षेप ऐकायला व्यावहारिक वाटतो, पण यवतमाळचाच २०१७चा अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कापसावर कीटकनाशक फवारताना जिल्ह्यातल्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे मेली. रुग्ण महिनोन् महिने रुग्णालयात येत होते. राज्यभर बोभाटा झाला तो सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात. मग अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषाचा शरीरावर किती परिणाम झाला आहे हे सांगणारी कोलिनेस्टेरेजची रक्तचाचणी तेव्हा महाविद्यालयाच्या रुग्णालयात होत नव्हती. चाचणीअभावी दोन गोष्टी बिघडल्या. कुणाला कोणता उतारा किती द्यायचा याचा अंदाज डॉक्टरांना लक्षणांवरूनच बांधावा लागला. आणि जे अधिक दूरगामी, अनेक वेगवेगळ्या गावांतून आलेली आजारपणे ही एकच घटना आहे हे ओळखायला उशीर झाला. मळमळ, चक्कर, डोळ्यांसमोर अंधारी अशा सुट्या तक्रारींमधून ‘साथ’ दिसायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा प्रयोगशाळा देते. कोरोनाला औषध नव्हते हे खरे. पण कोणाच्या घरात जायचे नाही, कोणत्या वॉर्डात परिचारिकेने कोणती साधने घालायची, कोणती गल्ली बंद करायची आणि कोणती उघडी ठेवायची, हे सगळे निर्णय निदानावरच उभे होते. औषध नसते तेव्हा निदान हेच हाती असलेले एकमेव साधन असते.

एप्रिलमध्ये काय झाले ते याच दृष्टीने वाचावे. मार्चमधल्या रुग्णांनंतर जवळजवळ तीन आठवडे जिल्ह्याचा आकडा तीन-चाराच्या घरात थांबला. टाळेबंदी सुरू होती, रस्ते सुने होते, आणि यवतमाळने साथ थोपवली असा सूर उमटू लागला. मग दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या मेळाव्याला जाऊन आलेल्यांचा देशभर शोध सुरू झाला, त्यांचे आणि त्यांच्या संपर्कातल्यांचे नमुने गेले, रुग्ण निघाले. महिन्याच्या अखेरीस शहरातल्या काही दाट वस्त्यांमध्ये संख्या झपाट्याने वाढली, आणि केंद्राच्या आरोग्य सचिवांनी ३० एप्रिलला काढलेल्या यादीत राज्याच्या चौदा रेड झोन जिल्ह्यांत यवतमाळ आले. एका महिन्यात यशाचे उदाहरण ते लाल जिल्हा. यातला काही भाग विषाणूच्या पसरण्याचा होता, यात शंका नाही. पण काही भाग नजर कुठे लावली याचा होता. ज्या समुदायाची यादी करून चाचणी झाली तिथे रुग्ण सापडले. ज्यांची यादी झाली नाही तिथे शोधलेच नाही, म्हणून सापडले नाहीत. पण लोकांनी त्याचा अर्थ, रोग त्या समुदायाचाच आहे, असा लावला, आणि हा विखारी अर्थ गावोगाव पसरला. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले. तोवर चार महिने उलटून गेले होते. थोड्या चाचण्या एकाच दिशेने वळवल्या की आकडा आरोपपत्र होतो, ही किंमत काटकसरीचा हिशेब मांडणाऱ्यांनी कधी जमेस धरली नाही.

आणखी एक आक्षेप राहतो आणि तो तज्ज्ञांकडून येतो. जिल्ह्याजिल्ह्यात आरटी-पीसीआरची प्रयोगशाळा काढणे म्हणजे जैवसुरक्षेची खोली, दाबाचे नियंत्रण, विषाणूतला आरएनए वेगळा काढणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ. घाईत काढलेली प्रयोगशाळा चुकीचे अहवाल देईल आणि चुकीचा निगेटिव्ह हा चाचणी नसण्यापेक्षा वाईट. मुद्दा रास्त आहे. तरी क्षयरोगासाठी सीबीनॅट ही यंत्रे बहुतेक जिल्ह्यांत आधीच होती. कोरोनासाठीचे काडतूस २१ मार्चपूर्वी बाजारातच नव्हते, त्यामुळे पहिल्या पंधरवड्याचा दोष त्या यंत्रांना लावता येणार नाही. पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ट्रूनॅट आणि सीबीनॅट या दोन्ही यंत्रांवरच्या कोरोना चाचणीला मान्यता मिळाली, आणि पुण्याच्या मायलॅबचे देशी किट २३ मार्चलाच मंजूर झाले होते. खाजगी प्रयोगशाळांना परवानगी आणि साडेचार हजार रुपयांची कमाल दरमर्यादा २१ मार्चला आली. सुविधा उघडत गेल्या हे खरे, पण ज्या क्रमाने उघडल्या तो क्रम पाहावा: आधी महानगर, मग विभागाचे ठिकाण, शेवटी जिल्हा. साडेचार हजारांची चाचणी यवतमाळच्या शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होती. जिल्ह्याच्या महाविद्यालयात विषाणूची प्रयोगशाळा अखेर २०२०मध्येच उभी राहिली. म्हणजे अशक्य असे काही नव्हते. जी गोष्ट संकटात काही महिन्यांत होऊ शकली ती आधीच्या सात शांत वर्षांत झाली नाही, कारण शांत वर्षांत तिची मागणी करणारा कुणी नसतो.

प्रयोगशाळा आली म्हणून प्रश्न सुटला असेही झाले नाही. तो एक पायरी वर सरकला. फेब्रुवारी २०२१मध्ये राज्यात इतरत्र साथ ओसरलेली दिसत असताना अमरावती, अकोला आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांत रुग्ण वेगाने वाढू लागले. यवतमाळमध्ये शाळा-महाविद्यालये पुन्हा बंद झाली, जमावावर निर्बंध आले. या खेपेला पॉझिटिव्ह कोण हे जिल्ह्याला स्वतःच कळत होते. पण वाढ इतकी का, हा विषाणू तोच की बदललेला, हे सांगणारे जनुकीय क्रमनिर्धारण मात्र पुण्यात आणि दिल्लीत होत होते. त्यासाठीचे इन्साकॉग हे देशाचे जाळे डिसेंबर २०२०च्या अखेरीस, दहा प्रयोगशाळांसह, नुकतेच बांधले गेले होते. विदर्भातले डॉक्टर आणि वार्ताहर नव्या प्रकाराची शंका बोलून दाखवत होते. २३ फेब्रुवारीला केंद्राच्या तज्ज्ञांनी पत्रकार परिषदेत सांगितले की राज्यातली वाढ एन४४०के आणि ई४८४क्यू या बदलांमुळे आहे असे म्हणण्यास आधार नाही. २४ मार्चला आरोग्य मंत्रालयानेच जाहीर केले की महाराष्ट्रातल्या पंधरा ते वीस टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल आढळले आहेत. पहिल्या निवेदनात लबाडी होती असे मला वाटत नाही. हाती असलेल्या थोड्या नमुन्यांवरून तेवढेच म्हणता येत होते. पण लोकांपर्यंत जे पोहोचले ते ‘आधार नाही’ असे नाही, ‘तसे काही नाही’ असे. बी.१.६१७ कुळातल्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी डेल्टा हे नाव दिले, तेव्हा विदर्भातल्या रुग्णालयांतली खाटांची आणि ऑक्सिजनची धावपळ ओसरू लागली होती.